सीएनसी करायला छोटा लेथ निवडताना: कामाच्या नोंदी

८ जून २०२४

छोटा लेथ (धातूचा तुकडा फिरवून कापायचं मशीन) घेऊन तो सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरने चालणारा, करायचाय. लेथ बघायला बाहेर पडण्याआधी जॉबची, म्हणजे बनवायच्या पार्टची, यादी कागदावर उतरवली. यादी नसली की विकणारा जे दाखवेल तेच आपल्याला हवं होतं असं वाटायला लागतं.

पहिला आणि मुख्य जॉब फवारणी पंपाच्या नोझलची पितळी बॉडी. रॉड २५ मिमी, तयार लांबी ४२. एका टोकाला अर्धा इंची बीएसपी (पाइपच्या ब्रिटिश मापाचे) आटे, म्हणजे इंचाला १४ आणि बाहेरचा व्यास २०.९५५. दुसऱ्या टोकाला ड्रिल, बोअर आणि आत टेपर. दुसरा जॉब ईएन-८ स्टीलच्या पिना, १६ ते २० मिमीच्या. तिसरा गनमेटलचे बुश, बाहेरून ३५, हे तुकडे कापून चकात (जॉब पकडणारे जबडे) धरायचे.

आत्ता हे सगळं अण्णा हाताच्या लेथवर करतात. नोझलचे आटे ते डोळे मिटून पाडतील, पण परवा मोठी ऑर्डर विचारायला माणूस आला तेव्हा त्यांनी स्पष्टच सांगितलं, "शंभरापातूर ठीक हाय. हजाराला माझा हात पुरायचा न्हाई."

यादीतून निघालेल्या अटी अशा. एकही जॉब ६० मिमीच्या पुढे जात नाही, त्यामुळे लांब बेडचे पैसे मोजायचे नाहीत. रॉड स्पिंडलमधून (चक फिरवणारी पोकळ दांडी) आरपार गेला पाहिजे, म्हणजे तिचं भोक, बोअर, निदान २६ मिमी. आटे पाडता आले पाहिजेत. आणि शेडमध्ये सिंगल फेज आहे, ते बदलणार नाही.

१२ जून

वेगाचा आणि ताकदीचा हिशेब.

२५ मिमी पितळ, कार्बाइड इन्सर्ट (टूलच्या टोकाचा बदलता तुकडा), मिनिटाला २०० मीटर कटिंग स्पीड धरलं तर २५४६ आरपीएम येतात. तेवढ्याच व्यासाचं एमएस (साधं पोलाद) १०० मीटरने घेतलं तर १२७३. पितळ याहून हळू चालवलं तरी बिघडत नाही, पण तीनशे-चारशे आरपीएमवर इन्सर्टचे पैसे वसूल होत नाहीत आणि पीसमागे वेळ वाढतो. म्हणून स्पिंडल २००० पर्यंत बिनधास्त फिरला पाहिजे, तासन् तास.

एमएसवर १ मिमी कट आणि ०.१ फीड म्हणजे चिपचं क्षेत्र ०.१ चौरस मिमी. एका चौरस मिमीला दोन ते तीन हजार न्यूटन जोर लागतो असं धरलं तर इथे २०० ते ३०० न्यूटन. मिनिटाला १०० मीटर म्हणजे सेकंदाला १.६७ मीटर, म्हणून कटिंगला साधारण ५०० वॅट. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, तीही भागवेल, पण बेल्ट आणि बेअरिंगचं नुकसान धरून २ एचपी बसवणार.

मोटर थ्री फेज आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) सिंगल फेज इनपुटचा. इथे एक गोष्ट मोटर घेण्याआधीच बघावी लागते. सिंगल फेज २३० व्होल्टच्या व्हीएफडीमधून थ्री फेज निघतं तेही २३० व्होल्टच. आपल्याकडच्या २ एचपीपर्यंतच्या बहुतेक मोटरी ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात. तशीच लावली तर मोटर फिरते पण दम राहत नाही. तीच डेल्टात जोडली की २३० वर पूर्ण ताकद देते. त्यासाठी टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं हवीत. तीनच बाहेर असतील तर रिवाइंडिंगवाल्याकडून आतला स्टार पॉइंट सोडवून घ्यायचा.

१६ जून

पुण्यात जाऊन नवा बेंच लेथ बघितला, चिनी बनावटीचा, ज्याला सगळे मिनी लेथ म्हणतात तो. स्विंग (मावणारा मोठ्यात मोठा व्यास) १८०, सेंटरमधलं अंतर ३५०, वजन चाळीस किलोच्या आसपास. दोघांनी उचलून टेबलावर ठेवला.

चांगल्या गोष्टी आधी. चक फ्लँजला बोल्टने बसतो, आट्यांवर नाही. व्हीएफडीने झटक्यात ब्रेक मारला किंवा स्पिंडल उलटा फिरवला तरी चक सुटून बाहेर यायची भीती नाही. सीएनसीला ही फार मोलाची गोष्ट आहे. शिवाय जगभरात इतक्या लोकांनी हाच लेथ सीएनसी केलाय की ब्रॅकेटचे ड्रॉइंग शोधावेसुद्धा लागत नाहीत.

आता अडचण. स्पिंडल बोअर २० मिमी. आपला २५ चा रॉड आत जातच नाही, प्रत्येक तुकडा कापून धरायचा, मग सीएनसीचा अर्धा फायदा तिथेच गेला. स्पिंडलला ६२०६ नंबरचे साधे बॉल बेअरिंग. लोक ते काढून ३०२०६ टेपर रोलर घालतात, पण तो १७.२५ मिमी रुंद आणि जुना १६, त्यामुळे स्पेसर घासून सव्वा मिमी जागा करावी लागते. होण्यासारखं काम आहे.

मला थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीने. लिव्हर डायलचा (बारीक हालचाल मोजणारा काटा) स्टँड बेडवर ठेवला, टोक टूलपोस्टला लावलं आणि अंगठ्याने टूलपोस्ट मागे रेटला. काटा तीन घरं सरकला, सोडल्यावर परत आला. एक घर ०.०१ मिमी. अंगठ्याचा जोर असून असून किती असणार, पाच-सहा किलो. कटिंगमध्ये त्याच्या चौपट-पाचपट येतो. गिब (स्लाइडची ढिलाई काढणारी पट्टी) आवळून पुन्हा बघितलं तेव्हा दोन घरं. उरलेलं लवणं कास्टिंगचं आणि कंपाउंड स्लाइडचं (टूलपोस्टखालची छोटी स्लाइड) होतं. कंपाउंड काढता येईल, कास्टिंग जाड करता येणार नाही.

याच घराण्यातला २१० स्विंगचा लेथ जरा भारी असतो, आणि त्यात ३८ मिमी बोअरचाही प्रकार मिळतो. दुकानात हजर नव्हता. किंमत विचारून ठेवली.

२० जून

राजकोट बनावटीचा साडेचार फुटी हलका लेथ, इथेच कोल्हापूरच्या उद्यमनगरात. कास्टिंग दणकट, बोअर ३८, किंमत मिनी लेथच्या आसपास. बघताक्षणी मन बसावं असा.

हेडस्टॉकचं (स्पिंडल असतो तो डबा) झाकण उघडलं तर आत गनमेटलचे बुश. स्टेप पुलीवर सगळ्यात जास्त वेग पाचशेच्या आत. अशा लेथने गावोगावच्या वर्कशॉपमध्ये पिढ्यान् पिढ्या काम दिलंय आणि बुश तेलात राहिला तर फिनिशही सुरेख येतो. पण २००० आरपीएमला बुश तापून धरणार. बुशच्या जागी टेपर रोलर बसवायचं तर हेडस्टॉक जिग बोरिंगला न्यायचा, नवा स्पिंडल ग्राइंड करायचा. म्हणजे लेथ घेऊन वर हेडस्टॉक बनवायचा. नाही.

तिथेच एक जुनी ट्रॉब (कॅमवर चालणारा ऑटोमॅटिक लेथ) पडून होती. कॅम काढून तिथे मोटरी बसवून ट्रॉबच सीएनसी करणारे लोक आहेत. स्पिंडल उत्तम, कॉलेट (रॉड धरणारी चिमटी) आयता, बार आतून येतोच. पण तिचे स्लाइड जवळच्या जवळ पुढे-मागे व्हायला बनवलेले. टेपर किंवा गोलाई काढायची तर दोन्ही अक्षांवर एकाच वेळी नेमकं फिरणारं कॅरेज (टूल घेऊन सरकणारा भाग) लागतं, ते तिच्यात मुळात नाही. एकच पार्ट लाखाने काढणाऱ्याने जरूर बघावी.

२५ जून

आज बाहेर कुठे गेलो नाही. अण्णांच्या लेथसमोर बसून, सीएनसी करताना यातलं काय काय काढावं लागेल त्याची यादी केली. लीड स्क्रू (कॅरेज ओढणारा लांब स्क्रू) जाणार. त्याला पकडणारा हाफ नट जाणार. एप्रन (कॅरेजच्या पुढचा डबा) आणि त्यातले सगळे गिअर जाणार. फीड गिअरबॉक्स, चेंज गिअर, क्रॉस स्लाइडचा स्क्रू, त्याचं हँडल, कंपाउंड स्लाइड, मोटर, स्टार्टर, सगळं जाणार. टेलस्टॉक (जॉबच्या दुसऱ्या टोकाचा आधार) राहिला तर राहिला.

उरतं काय? बेड, हेडस्टॉक, स्पिंडल, त्याचे बेअरिंग, सॅडल (कॅरेजचा बेडवर बसणारा भाग) आणि क्रॉस स्लाइडचं डोव्हटेल. एवढंच.

जे राहणार आहे त्याचेच पैसे मोजायचे, जे निघणार आहे ते कितीही चांगलं असलं तरी त्याला किंमत द्यायची नाही. बाजारात याच्या बरोबर उलटं चालतं. जुन्या लेथचा भाव गिअरबॉक्स बदलतो का, आटे पडतात का, रंग कसा आहे यावर ठरतो, कारण बहुतेक गिऱ्हाईक तो हातानेच चालवणार असतं. म्हणजे गिअरबॉक्स गेलेला आणि स्पिंडल धड असलेला लेथ आपल्याला स्वस्तात मिळायला हवा. आजपासून असाच लेथ शोधायचा. एजंटना तसं सांगितलं. त्यातल्या एकाने दोनदा विचारून खात्री करून घेतली की मला खरंच गिअरबॉक्स खराब असलेला लेथ चालेल.

मोठे जुने लेथही डोक्यात येऊन गेले. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे, एचएमटीचे. ते बेड आज बघितले तरी हात फिरवावासा वाटतो. पण एचएमटीचा एनएच-२२ म्हटलं तर सेंटर हाइटच (बेडपासून स्पिंडलच्या मध्यापर्यंतची उंची) २२० मिमी. ४२ मिमीच्या नोझलला एवढं कॅरेज पळवायचं म्हणजे मोटरी मोठ्या, स्क्रू मोठे, आणि शेडचं दार पाडावं लागेल. आपल्या कामाला सेंटर हाइट १२० ते १४० पुरे.

२ जुलै

एजंटने दाखवलेला पहिला. हिरवा ताजा रंग, गिअरबॉक्स मऊ, हाफ नट नवा, डायलवरचे आकडे स्वच्छ. विकणाऱ्याने स्वतःहून आटे पाडून दाखवले आणि आटे चांगले होते.

चकात २५ चा फूटभर रॉड धरला, स्पिंडलच्या नाकावर डायल लावला आणि रॉड दोन्ही हातांनी वर उचलला. काटा पाच घरं गेला. टेपर रोलरमध्ये मागच्या नटाने प्रीलोड (बेअरिंगवरचा दाब) वाढवता येतो, म्हणून विचारून नट थोडा आवळला. प्ले दोन घरांवर आला, पण हाताने चक फिरवताना एका जागी खडखड लागली. म्हणजे रेसवर खड्डे पडलेत. बेअरिंग बदलता येतात, मात्र स्पिंडलवर रेस बसते तिथेही घसट दिसत होती. वरून सगळं उत्तम आणि आपल्याला जे हवं तेच गेलेलं. किंमत अर्थातच गिअरबॉक्सची.

६ जुलै

शिरोली एमआयडीसी. बंद पडलेल्या डाय शॉपमधला टूलरूम लेथ. नेमप्लेटवरची अक्षरं घासून गेलीत. सेंटर हाइट १३०, सेंटरमधलं अंतर ५००, बोअर २८, हेडस्टॉकमध्ये टेपर रोलर. वजन तीनशे किलोच्या घरात असावं. फीड गिअरबॉक्समधल्या दोन गिअरचे दात उडालेले, हाफ नट चघळल्यासारखा. बाहेर पाऊस आणि शेडचं पत्र्याचं छत गळकं, तरी कुणीतरी बेडवर जाड ग्रीस फासून वर प्लॅस्टिक टाकलेलं होतं. मशीन शेवटी ज्याच्या हातात होतं तो माणूस जपणारा होता, हे त्या ग्रीसवरूनच कळलं. अण्णा सोबत होते.

ग्रीस पुसून आधी बेड. नियम जुनाच: टेलस्टॉकच्या बाजूला, जिथे कॅरेज फारसं जात नाही, तिथे मागची पट्टी आवळून कॅरेज जेमतेम सरकेल असं करायचं आणि चकाकडे आणायचं. चकाजवळ ते सैल पडलं तर बेड तेवढा खाल्लेला. इथे चकापासून साधारण दीडशे मिमीच्या पट्ट्यात किंचित सैल पडलं. अण्णांनी बेडवरच्या व्ही आकाराच्या पट्टीच्या पुढच्या उतारावरून नख ओढलं आणि म्हणाले, "इथं बोट ठेव. कड लागतीया का? न्हाई ना? मग हाय बेड."

झिजेचा अर्थ नीट लावायला हवा. कॅरेज उभ्या दिशेने ०.०५ खाली बसलं तर २५ मिमीच्या जॉबवर त्रिज्येत फरक पडतो ०.०५ चा वर्ग भागिले २५, म्हणजे ०.०००१ मिमी. काहीच नाही. तेच कॅरेज आडवं, जॉबकडे किंवा जॉबपासून लांब, ०.०५ सरकलं तर व्यासात सरळ ०.१० येतात. व्हीचा पुढचा उतार जास्त झिजतो, त्यामुळे दोन्ही थोडं थोडं होतंच. म्हणून किती खाली बसलं हे मोजण्यापेक्षा जॉब कापून बघणं बरं.

त्याआधी स्पिंडल. तोच रॉड, तोच डायल. उचलला, एक घर, सोडला, शून्यावर. आतल्या टेपरवर लिव्हर लावून हाताने फिरवला, काटा एका घराच्या आत हलत राहिला. मग मालकांनी जनरेटर लावून दिला आणि बेल्ट सगळ्यात वरच्या वेगावर टाकून अर्धा तास नुसता फिरू दिला. हेडस्टॉकवर हात ठेवता येत होता, चटका नाही. आवाज एकसारखा. अण्णा स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाला लावून बराच वेळ उभे राहिले, मग नुसतीच मान हलवली.

शेवटी दोन कॉलरची टेस्ट. ईएन-८ चा रॉड १०० मिमी बाहेर, टेलस्टॉक न लावता. मधला भाग खाली घेऊन दोन्ही टोकांना कॉलर ठेवल्या, ८० मिमी अंतरावर. धारदार एचएसएस टूल, शेवटचा कट अगदी नखभर. टूल न हलवता दोन्ही कॉलर एकाच पासमध्ये. मायक्रोमीटर: चकाजवळ २२.४१, टोकाला २२.४३.

८० मिमीत व्यासाला दोन शतांश टेपर. रॉड लवला म्हणून असेल का? एवढ्या बारीक कटला वीस न्यूटन धरले तर २२ मिमीचा रॉड १०० मिमीवर दोन-तीन मायक्रॉन लवतो. त्रिज्येतला फरक मात्र दहा मायक्रॉन आहे. म्हणजे लवणं नाही, हेडस्टॉकची दिशा किंचित फिरलेली आहे किंवा लेथ लेव्हलमध्ये नाही. तिथली फरशी एका बाजूला खचलेली दिसतच होती. दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या.

एक उणीव आहे आणि ती मोठी आहे. स्पिंडलच्या नाकावर आटे आहेत, चक त्यावर फिरवून बसतो. आरपीएम झपकन उतरवले तर चकाचं वजन त्याला उलटा सोडवू शकतं. सीएनसीत ब्रेक आणि उलट फिरणं हे रोजचं. यावर तोडगा निघाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

७ जुलै

बॅकलॅश (स्क्रू आणि नटमधली ढिलाई) किती चालेल, कागदावर काढून बघितलं.

समजा २० मिमी व्यासाचा गोळा काढायचा. टूल टोकाकडून निघतं, एक्स (टूलची आडवी चाल) बाहेर बाहेर येतो, गोळ्याच्या पोटावर पोचला की उलटा आत जायला लागतो. तिथे नटमध्ये ०.०५ प्ले असेल तर मोटर फिरते पण स्लाइड हलत नाही. झेड (जॉबच्या लांबीकडची चाल) मात्र चालूच. पोटावर सपाट पट्टा पडतो. किती रुंद? दोन गुणिले त्रिज्या १० गुणिले ०.०५, त्याचं वर्गमूळ. बरोबर १ मिमी. पाच शतांशाच्या प्लेचा डोळ्यांना दिसणारा एक मिलिमीटरचा पट्टा. पुढचा सगळा अर्धा गोळाही व्यासाला ०.१० जाड.

मोठ्या कटमध्ये हे दिसत नाही. कटिंगचा जोर स्लाइडला सतत बाहेर रेटतो, त्यामुळे नट कायम एकाच बाजूला टेकलेला राहतो. फिनिशिंगच्या हलक्या कटला तो जोर गिबच्या घर्षणापुढे कमी पडतो आणि प्ले उघडा होतो. ज्या पासवर माप अवलंबून, नेमका तिथेच. कंट्रोलरमधली बॅकलॅश भरपाई मोटरला जादा फिरवते, पण स्लाइडला धरून ठेवत नाही. म्हणून एक्सला बॉल स्क्रूच (नटमध्ये गोळ्या, प्ले जवळजवळ नाही). नोझलच्या आतला टेपर आणि बाहेरची गोलाई दोन्ही यावरच आहेत.

सी-७ दर्जाचा रोल्ड स्क्रू घेणार. त्यात ३०० मिमीला ०.०५ पर्यंत चूक चालते. आपली एक्सची खरी हालचाल कटिंगमध्ये पंधरा-वीस मिमी, तेवढ्यात ती चूक फारच थोडी येते आणि ती ऑफसेटमध्ये घेता येते. प्ले तसा घेता येत नाही.

९ जुलै

मालकांनी क्रॉस स्लाइड काढून बघायला परवानगी दिली, म्हणून शिरोलीत पुन्हा. छोट्या लेथचं सीएनसी अडतं ते बहुधा इथेच: स्लाइडखाली बॉल नट मावतो का?

सॅडलमधली खाच ३४ मिमी रुंद, स्लाइडच्या खालच्या पृष्ठापासून ३१ खोल. १६०५ बॉल स्क्रूचा (व्यास १६, लीड ५) नट अंगाने २८ मिमी, पण त्याची फ्लँज ४८ मिमी व्यासाची, दोन बाजूंनी कापून ४० ची. अंग मावतं, फ्लँज मावत नाही. फ्लँज सॅडलच्या मागे बाहेर काढली तर जमतं: स्लाइडच्या मागच्या टोकाला एमएसचा जाड ब्रॅकेट लटकवायचा, नट त्यात, आणि अंग खाचेत. अशाने १४० मिमी हालचाल मिळते. कंपाउंड काढून तिथे टी-स्लॉटची प्लेट टाकली की टर्निंग, बोरिंग, आटे आणि पार्टिंग अशी चार टूलं ओळीने मांडता येतील. टरेट लागणार नाही.

पुढच्या टोकाला तयार बीके-१२ ब्लॉक (स्क्रूचं टोक धरणारं बेअरिंग) बसत नाही, हँडलची जागा अरुंद आहे. तिथे स्वतःचं हाउसिंग टर्न करून दोन ७००१ अँग्युलर काँटॅक्ट बेअरिंग पाठीला पाठ लावून बसवणार. ते १२ × २८ × ८ चे, सहज बसतात.

झेडला २००५ स्क्रू, जुन्या लीड स्क्रूच्याच जागी. बेडच्या मागे लावला तर चिपपासून लांब राहतो खरा, पण पुढच्या व्हीपासूनही लांब जातो. ढकलणारा जोर आणि दिशा देणारा मार्ग एकमेकांपासून लांब असले की कॅरेज वळायला बघतं. जागा आहे तीच बरोबर आहे. वर पत्र्याचं झाकण.

चकाचंही उत्तर इथेच मिळालं. नाकाच्या आट्यांमागे एक खोबण आहे. बॅकप्लेटच्या मागे दोन तुकड्यांची क्लँप त्या खोबणीत अडकवली की चक उलटा फिरूच शकत नाही. मालक म्हणाले की मूळ क्लँप होती, हरवली. नवी करू. तरीही व्हीएफडीला थांबायचा वेळ ऐसपैस देणार, आणि एम-४ (स्पिंडल उलटा फिरवायची आज्ञा) बंद ठेवणार.

अण्णांनी घासाघीस केली. मालकांनी गिअरबॉक्सचं कारण स्वतःच पुढे केलं आणि त्यावरच भाव उतरला. टोकन दिलं.

११ जुलै

मोटर आणि कंट्रोल.

५ मिमी लीडच्या स्क्रूला १ न्यूटन-मीटर टॉर्क दिला, ९० टक्के कार्यक्षमता धरली, तर ढकलायला अकराशे न्यूटन मिळतात. कटिंगला लागतात तीनशे. त्यामुळे दोन्ही अक्षांना नेमा-२३ मापाची स्टेपर मोटर पुरे, २ न्यूटन-मीटरच्या वर्गातली, क्लोज्ड लूप (आपली जागा स्वतः तपासणारी). साधी स्टेपर एक स्टेप चुकली तर तिला कळत नाही, आणि लेथवर चुकलेली स्टेप म्हणजे पुढचे सगळे पीस स्क्रॅप. एक्सला वर २:१ टायमिंग बेल्ट. २०० स्टेप आणि ५ मिमीचा हिशेब केला तर एका पूर्ण स्टेपला २५ मायक्रॉन. एक्सवर ते व्यासाला दुप्पट होतात. मायक्रोस्टेपवर भरवसा ठेवण्यापेक्षा बेल्टने अर्धं करणं खात्रीचं.

कंट्रोल लिनक्ससीएनसी. अमेरिकेच्या एनआयएसटीमध्ये (सरकारी मानक संस्था) नव्वदच्या दशकात जे कंट्रोलर सॉफ्टवेअर बनलं त्यातून हे वाढलं. फुकट आहे हे कारण नाही. कारण आटे. स्पिंडलच्या एका फेऱ्याला एकच पल्स घेऊन आटे पाडणारी सॉफ्टवेअर आहेत, पण टूल धातूत शिरल्यावर स्पिंडल जरा मंदावला तर पुढचा पल्स येईपर्यंत त्यांना पत्ता नसतो. इथे स्पिंडलला ए, बी आणि इंडेक्स असलेला एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) लावतात आणि झेड स्पिंडलच्या मागे मागे चालतो. स्पिंडल मंदावला की झेडही मंदावतो. अर्धा इंची बीएसपीला पिच २५.४ भागिले १४, म्हणजे १.८१४. ६०० आरपीएमला झेड मिनिटाला १०८८ मिमी धावणार, मोटरच्या आवाक्यात.

१०२४ लाइनचा एन्कोडर घेतला तर २५०० आरपीएमला सेकंदाला एक लाख सत्तर हजार मोजण्या (एका लाइनला चार) होतात. पॅरलल पोर्टवर सॉफ्टवेअरला हे झेपणार नाही. इथरनेटवरचं मेसा कंपनीचं कार्ड घ्यायचं, त्यात मोजणी हार्डवेअर करतं. एन्कोडर स्पिंडलला १:१ टायमिंग बेल्टने. जिथून चेंज गिअर निघणार तिथेच त्याची जागा आहे.

जी-९६ (कटिंग स्पीड कायम ठेवायची आज्ञा) वापरताना डी देऊन आरपीएमची मर्यादा लिहायची. फेसिंगमध्ये व्यास शून्याकडे गेला की वेग नाहीतर वरच वर चढत जातो. आपली मर्यादा २०००, आणि मोठ्या चकावर १२००.

१५ जुलै

लेथ शेडमध्ये आला. टेंपो, वर ताडपत्री, उतरवायला चेन पुली. चार जाड एमएस प्लेटवर उभा केला, बेडवर आडवी-उभी प्रिसिजन लेव्हल ठेवून चारही बोल्ट फिरवत लेव्हल आणली. मग पुन्हा दोन कॉलर, तोच रॉड, तेच टूल.

चकाजवळ २१.८६, टोकाला २१.८६ आणि वर अर्धं घर. टेपर फरशीचाच होता. हेडस्टॉकला हात लावायची गरज उरली नाही.

अण्णांनी मायक्रोमीटर माझ्या हातातून घेतला, दोन्ही कॉलर स्वतः मोजल्या आणि म्हणाले, "आता खोल ते गिअरबॉक्स."

संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्स, एप्रन आणि लीड स्क्रू खाली उतरवले. चांगले गिअर तेल लावून बाजूला ठेवलेत, कुणा हाताच्या लेथवाल्याला उपयोगी पडतील. लीड स्क्रूच्या दोन्ही टोकांच्या ब्रॅकेटची सेंटर हाइट सॅडलच्या पृष्ठापासून मोजून लिहिली. १६०५ आणि २००५ स्क्रूची ऑर्डर दिली, टोकं इथेच टर्न करणार. उद्या मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं आहेत का ते बघायचं, आणि बॅकप्लेटच्या क्लँपसाठी ईएन-८ चा ९० मिमी गोल तुकडा कापून आणायचा.